बॉयलरचं शिळं पाणी

आबा,

आधी माफी मागते. माझं अक्षर तुम्ही पाहिलेलं आहे. ऱ्हस्वदीर्घ मला चौथीत जमलं नाही आणि चौथीनंतर कुणी शिकवलं नाही. ओळीही उतरणीला लागतात. पण वही तुमचीच आहे, बेसमेंटात बॉयलरशेजारी खिळ्याला टांगलेली. डाव्या पानांवर तुम्ही पट्टीने रेघा मारून दिल्या होत्या. एका बाजूला तारीख, एका बाजूला बॉयलरच्या दाबाची सुई. उजवी पानं कोरी ठेवा म्हणाला होतात, काही वेगळं घडलं तर लिहायला. वीस महिने काही वेगळं घडलं नाही. आता घडलंय.

तुम्ही गेलात त्याला आज सहा दिवस झाले. फोन आला तेव्हा मी ईशाच्या डब्याची पोळी लाटत होते. मनीषाने फोन कानाला लावून "कधी?" एवढंच विचारलं आणि खुर्चीत बसली. माझ्या सुहासने संध्याकाळच्या विमानाचं तिकीट काढलं. ती बॅग भरत होती तेव्हा मी तिच्या दारात तीनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा तिने वर बघितलं. "आई, काही हवंय का?"

खरं काय ते सांगायलाच गेले होते. मी म्हणाले, "स्वेटर घेतलास का?"

"आई, तिकडे कुठे एवढी थंडी?"

मग टॅक्सी आली. तुमची लेक तुमच्याविषयी एक खोटी गोष्ट खरी मानून तुमच्या तेराव्याला गेली, आणि ती खोटी आहे हे इथे मला एकटीला माहीत आहे.

त्यात आज सकाळी सुई दहावर दिसली. बारावर हवी. मी दोनदा चष्मा पुसून बघितली. एरवी शनिवारच्या फोनवर तुम्हाला विचारलं असतं. आता विचारायला शनिवार उरला नाही.

आपण सहा महिने एका घरात राहिलो. त्यातले पहिले तीन महिने एकमेकांशी सरळ एक शब्द बोललो नाही. विहीण व्याह्याशी बोलत नाही, आमच्याकडेही नाही, तुमच्याकडेही नाही. तुमच्या जोडीने अक्का आल्या असत्या तर सोपं झालं असतं, पण त्यांचे गुडघे आणि त्यांच्या दोन म्हशी त्यांना सोडत नव्हत्या. तुम्ही एकटेच आलात. मग आपल्यामध्ये पाच वर्षांची ईशा.

"ईशा, आजोबांना म्हणावं चहा झालाय."

तुम्ही हाताच्या अंतरावर बसलेले असायचात. ती टीव्हीवरची नजर न काढता ओरडायची, "आबा, टी!"

"ईशा, आजीला म्हणावं साखर कमी."

"आजी, लेस शुगर!"

साखर कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस साखर कमी मागतो, याचं मला हसू यायचं. मी गॅसकडे तोंड करून हसायचे. एकदा पोर वैतागली आणि काहीतरी बोलून पाय आपटत निघून गेली. मनीषाने सांगितलं, "ती म्हणतेय, तुम्ही दोघं डायरेक्ट का नाही बोलत? तिला कार्टून बघायचंय." तुम्ही मोठ्याने हसलात. मी पदर सारखा केला. तरी आपण बोललो नाहीच.

बॉयलरचा तो नळ मी कधीपासून सोडत होते, का सोडत होते, हे तुम्ही मला नीट विचारलंच नाहीत. आज सांगते.

सुहासचे वडील गेल्यावर सुहासने मला इकडे परदेशात आणलं. आल्या आल्याच, थंडी सुरू व्हायच्या आधी, एक माणूस खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरमधली हवा काढायला आला होता. त्याने किल्ली फिरवली आणि वाटीत काळंकुट्ट पाणी पडलं. वास असा, की मी नाकाला पदर लावला. मी सुहासला विचारलं, "हे पाणी कधी बदलतात?" तो म्हणाला, "बदलत नाहीत, आई. तेच गरम होतं, तेच फिरतं."

तेच फिरतं! माझ्या जन्माइतकं जुनं घर, आणि त्याच्या अंगातून तेच पाणी. माझ्या सासूबाई सकाळी उठल्या की आधी रात्रीचं पाणी जास्वंदीच्या बुडाशी ओतायच्या, हंडा चिंचेने घासायच्या, ताजं पाणी भरायच्या, मग तोंडात चहाचा घोट. ज्या घरात शिळं पाणी, त्या घरातली बाई आळशी. या घरात मला काहीच येत नव्हतं. फोन वाजला तर मी उचलत नव्हते. दाराची बेल वाजली तर स्वयंपाकघरात श्वास धरून उभी राहायचे. मला समजणारं असं हे एक काम सापडलं. सगळे गेले की मी खाली जायचे आणि बॉयलरच्या पायाशी जो नळ आहे त्याला बादली लावून एक बादली सोडायचे. वरच्या पाइपातून नवं पाणी आपोआप भरायचं. तो आवाज ऐकला की मला बरं वाटायचं, आपणही या घरात काही करतो असं वाटायचं.

पण पाणी निवळेना. जितकं सोडावं तितकं काळं येई. मला वाटलं, आपण कमी सोडतोय. दुसऱ्या हिवाळ्यात दोन बादल्या सोडायला लागले.

त्याच हिवाळ्यात तुम्ही आलात. जानेवारीत पाइप ठोके द्यायला लागले. भिंतीत कुणी कोंडलंय आणि ते दार वाजवतंय, असा आवाज. ईशाची खोली तापेना, ती जाकीट घालून झोपायला लागली. मला कळत नव्हतं की हे माझ्यामुळे आहे. तरी ठोका ऐकला की मी हातातलं काम थांबवायचे. पापाला पाय असतात म्हणतात, तसं काहीतरी जिना चढून वर येतंय असं वाटायचं.

तुम्ही ईशाच्या रेडिएटरवर तळवा ठेवलात. वर ठेवलात, मधे ठेवलात, खाली ठेवलात. तापलेल्या पोराचं अंग बघावं तसं. मग दुसऱ्या खोलीत, मग तिसऱ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली लावून बसले होते आणि तुम्ही बेसमेंटच्या जिन्यावर उभे होतात. ईशा शाळेत होती. मधे कुणी नव्हतं.

मी उठून भिंतीला लागले. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. बॉयलरकडे तोंड करून, त्यालाच विचारावं तसं विचारलंत, "रोज किती?"

मीही बॉयलरलाच सांगितलं. "दोन बादल्या."

"कधीपासनं?"

"आले तेव्हापासनं. दीड वर्ष झालं असंल."

तुम्ही पायरीवर बसलात. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीत. मला वाटलं आता ओरडणार. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "विहीणबाई, हे पाणी शिळं होऊ द्यायचं असतं."

मला काही कळलं नाही.

"नव्या पाण्यात हवा असती बघा. ती लोखंडाला खाती. तेच पाणी फिरत राहिलं की हवा निघून जाती, मग ते गुमान पडून राहतं, कुणाला चावत नाही. तुम्ही रोज त्याला नवी हवा खायला घालताय. हे काळं दिसतंय ते घाण न्हवं. हे घराचं लोखंड हाय."

आबा, तुम्ही ते इतकं साधं सांगितलंत की मला रडायलाही जागा ठेवली नाहीत. मी बादलीत बघितलं. दीड वर्ष मी माझ्या मुलाचं घर बादलीबादलीने मोरीत ओतत होते आणि वर स्वतःला कामाची बाई समजत होते.

शनिवारी प्लंबर आला, लाल टोपीचा, गुडघ्यांवर रबर बांधलेला म्हातारा. त्याने बॉयलरच्या नळावरून अंगठा फिरवला. वापरून वापरून तो नळ चकचकीत झाला होता. त्याने सुहासला काही सांगितलं. सुहासने वर येऊन विचारलं, "तो म्हणतोय कुणीतरी सारखं पाणी सोडतंय. दीडेक वर्षाचं डॅमेज आहे. कोणी हात लावला का त्या नळाला?"

माझ्या हातात पुऱ्यांची कणीक होती. ती बोटांच्या फटीतून बाहेर यायला लागली.

"मी," तुम्ही म्हणालात. "कारखान्यात पाळीला एकदा ब्लो-डाऊन असायचा. नळ सोडून गाळ काढायचा. हाताची सवय."

मनीषा कपाळाला हात लावून म्हणाली, "आबा! हा काय तुमचा कारखाना आहे? निदान विचारायचं तरी! काय यार, घरात लहान मूल थंडीत झोपतंय!"

"चुकलं," तुम्ही म्हणालात.

सगळ्यांना ते पटलं. कारखान्यातला बॉयलर अटेंडंट तसंच करणार. तुम्हाला तर तिथलं पाणी वाफ होऊन जातं, इथलं तेच फिरतं, हा दोन्ही बॉयलरांतला फरक चार शब्दांत सांगता येत होता, पण तो फरक तुम्ही गिळलात. प्लंबर दीड वर्ष म्हणाला होता आणि तुम्हाला येऊन तीन महिने झाले होते. हा हिशेब त्या स्वयंपाकघरात कुणी केला नाही. मी केला. आणि पुऱ्या लाटायला घेतल्या.

सोमवारी बेसमेंटात मी तुमच्याशी भांडले. आयुष्यात परक्या पुरुषाशी पहिल्यांदा. "तुम्ही का घेतलं अंगावर? मी सांगते त्यांना."

"सांगू नका."

"खोटं आहे ते."

"मी एप्रिलात जाणार. तुम्हाला इथंच ऱ्हायचंय, सुनेच्या घरात. उद्या दूध उतू गेलं तरी तिला बादली आठवंल."

"मनीषा तशी नाही."

"माझी पोरगी हाय. मला ठाऊक हाय कशी हाय ती." तुम्ही हसलात. "माझ्या अंगावर तीस वर्षं कारखान्याची राख बसलीय. ह्यानं काय काळा होतोय मी?"

मी आणखी दोनच वाक्यं बोलले. आज खरं लिहिते. मी भांडले, पण हळू भांडले. तुम्ही जिंकावं म्हणूनच भांडले. वर आले तेव्हा माझे पाय हलके झाले होते, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

गाळ काढायचा तो दिवस मला सगळा आठवतो. प्लंबरने आधी औषध ओतून ते आठवडाभर फिरवलं होतं. मग तो मशीन घेऊन आला. एकेक रेडिएटर धरायचा, बाकीचे बंद, आणि जोराचं पाणी आत सोडायचं. जाड नळी बेसमेंटच्या दारातून मोरीत. पाणी आलं ते आधी काजळासारखं, मग गावठी काकवीसारखं. तुम्ही माझं धोपाटणं मागून घेतलंत, त्याला जुना टॉवेल गुंडाळलात आणि रेडिएटरच्या बुडाशी ठोकायला बसलात, ठक, ठक, ठक. बसलेला गाळ सुटावा म्हणून. प्लंबरने अंगठा वर केला. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, त्याला मराठी येत नव्हतं, पण तुम्ही दोघं दिवसभर एकमेकांना सूचना देत होतात आणि दोघांना सगळं कळत होतं.

ईशाने फ्रिजवरचं चुंबकाचं लाल अक्षर आणलं. तुम्ही ते बादलीत बुडवून वर काढलंत. त्याला काळी दाढी फुटली होती. ईशा टाळ्या वाजवत नाचली. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, पण ते अक्षर नळाखाली धुताना बराच वेळ धूत राहिलात.

संध्याकाळी ईशाच्या खोलीतला रेडिएटर खालपर्यंत तापला. मी त्याला पाठ लावून बसले. ऊब पाठीत शिरत होती आणि मला वाटत होतं, ही मी चोरलेली आहे.

बिल साडेसहाशे डॉलर झालं. तुमच्याकडे पाचशे होते. नायगाराचे. गावाहून निघतानाच वेगळे बांधून आणलेले. जन्मभर पाणी आणि वाफ सांभाळली, आता एवढं मोठं पाणी मोकळं पडताना बघायचंय, असं तुम्ही आल्या दिवसापासून म्हणत होतात. सुहासने पैसे घेतले नाहीत. तुम्ही ते देव्हाऱ्यात अन्नपूर्णेखाली ठेवलेत. "लेकीच्या घरी पाणी पिताना इचार करणारी माणसं आम्ही. मी तर तिच्या घरचं पाणी नासवलं." मनीषा तेव्हा चिडलेली होती. तिने ते उचलून बँकेत भरले. मार्चमध्ये सहलीची गोष्ट निघाली तेव्हा तुम्ही म्हणालात, "धबधबा काय पळून जातोय व्हय?"

पळून तुम्ही गेलात.

जायच्या आधी तुम्ही ही वही करून दिलीत आणि तो नळ लाल दोऱ्याने बांधून टाकलात. म्हणालात, "रोज खाली यायची सवय लागलीय ना, ती मोडू नका. फक्त नळाला हात लावायचा न्हाई. सुई बघायची आणि लिहायचं." माझं काम तुम्ही माझ्याकडून काढून घेतलं नाहीत, एवढं मला त्या दिवशी कळलं. धन्यवाद म्हणायला ईशा मधे नव्हती, म्हणून राहून गेलं.

मग शनिवार. मनीषा फोनकार्डाचे नंबर दाबायची, बोलायची, मग फोन माझ्याकडे यायचा. तुम्ही विचारायचात, "सुई?" मी म्हणायचे, "बारा." झालं आपलं बोलणं. मागून मनीषा ओरडायची, "आबा, तिकडून बॉयलरला हात लावू नका हं!" तुम्ही हसायचात. दर शनिवारी ती तेच म्हणायची आणि दर शनिवारी तुम्ही हसायचात. मी फोन धरून उभी. गेल्याच्या गेल्या शनिवारीसुद्धा.

गप्प राहिले, पण हात गप्प बसले नाहीत. मनीषाच्या ऑफिसातल्या मुलींच्या बाळांसाठी मी जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवायला घेतल्या. एका गोधडीचे पन्नास. दहा झाल्या की तुमचे पाचशे तुम्हाला पाठवायचे, असं ठरवलं होतं. तुम्ही गेलात तेव्हा नऊ झाल्या होत्या. दहावीला किनार लावायची बाकी होती. माझा हात जरा चालला असता तर तुमचे पैसे परत येताहेत, एवढं तरी तुमच्या कानावर पडलं असतं, असं सारखं मनात येतं.

आता इथे थांबते. सुई नऊवर आली आहे. सुहासला सांगावं लागेल.

पुढचं बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे, आबा.

सुहासला सांगितलं. त्याने खाली येऊन बघितलं. वरच्या एका रेडिएटरची चावी ठिबकत होती, गालिच्याखाली ओल जिरत होती. त्याने ती पान्याने आवळली, प्लंबरने बंद ठेवलेला वरचा पाइप उघडून पाणी हवं तेवढं भरून घेतलं. मग वही हातात घेऊन पानं उलटत राहिला. वीस महिन्यांच्या बारा, बारा, साडेबारा. डावी पानंच बघितली, बाकीची नाही.

"तुला सुई कुणी शिकवली, आई?"

"आबांनी."

तो लाल दोरा बघत होता. मी म्हणाले, "सुहास, तो नळ मी सोडत होते."

तो वर न बघता म्हणाला, "प्लंबर दीड वर्ष म्हणाला होता, आई. मला बेरीज येते."

"मग बोलला का नाहीस?"

"आबा मान हलवत होते. नको म्हणून." मग म्हणाला, "पण मनीषाला तूच सांगायचंस. मी नाही."

मनीषा परत आली तेव्हा निम्मी झाली होती. मी तिला दोन दिवस झोपू दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी, ईशा शाळेत गेल्यावर, सांगितलं. सगळं, बादलीपासून. तिने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "दर शनिवारी मी त्यांना हसले. तुम्ही शेजारी उभ्या होतात. तुम्ही मला हसू दिलंत, आई."

मी तिचा कप उचलून गॅसकडे वळले.

ती बेसमेंटात गेली. खालून रडणं ऐकू आलं. मी जिन्याच्या वर उभी राहिले, उतरले नाही. चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. ईशाच हसत होती, कारण पुन्हा निरोप तिच्यामार्फत जात होते. पाचव्या दिवशी मनीषाने अक्कांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. दहावीची किनार पुरी करून मी गोधड्यांचे पाचशे टेबलावर ठेवले होते. अक्कांना मी पुन्हा सगळं सांगितलं. आवाज फाटत होता, त्या "हं, हं" म्हणत होत्या.

मग म्हणाल्या, "तिकडनं आल्यावर मला म्हणाले, धबधबा बंद होता. थंडीनं गोठला म्हणून बंद ठेवलाय. एवढं मोठं पाणी कधी बंद पडतंय व्हय? तवाच मला कळाया पायजे होतं."

मनीषा हसली आणि हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो काढला नाही.

"अक्का, तेवढे पैसे घ्या," मी म्हणाले. वाटलं, नको म्हणतील.

"घेती की," अक्का म्हणाल्या. "त्याला न्हाई म्हणलं तर तुमच्या जिवाला घोर ऱ्हायचा. पुरते पाठवा. एक कमी नको, एक जास्ती नको. जास्ती आलं तर त्यांना आवडायचं न्हाई."

सुहासने बँकेतून पाठवले. मी रोज विचारायचे, पोचले का. तो म्हणायचा, आई, पाच-सहा दिवस लागतात. मला वाटायचं चुकीच्या नावावर गेले, वाटेत कुठे अडकले. आठ दिवस झाले. आज अक्कांचा फोन आला. मनीषाने तो उचलला, ऐकला आणि माझ्याकडे बघून होकाराची मान डोलावली.

मी खाली आले. वही खिळ्यावरून काढली. डाव्या पानावर आजची ओळ लिहिली आहे, तीच इथे उजवीकडे तुमच्यासाठी पुन्हा लिहिते.

सुई बारा. नळाला हात लावला नाही. पाचशे पोचले, पुरते.